महाराज कुणाचे?

ग्वाल्हेरात 'महाराज' म्हटलं की लोक शिंदेच समजतात. आमच्या लष्कर भागातल्या घरी मात्र काचेच्या कपाटात आणखी एक महाराज आहेत. लाल कोट, झुपकेदार मिशा, कमरेत वाकलेले. एअर इंडियाचे. मानेपाशी फेव्हिकॉलचा डाग आहे, कारण लहानपणी डोकं माझ्याच हातून उडालं होतं.

27 जानेवारी 2022 ला कंपनी टाटांकडे गेली. तेव्हापासून मी झुरिकहून फोन केला की नानाकाका तेच काढतात, "विकली रे, कौड्यांच्या भावात!" मागून आतेभाऊ ओरडतो, "काका, टाटांचीच तर होती!" दोघंही खोटं बोलत नाहीत. 1932 मध्ये जेआरडींनी कराचीहून टपाल घेऊन विमान स्वतः जुहूला आणलं, 1953 मध्ये सरकारनं कंपनी घेतली. परत देताना सौदा 18,000 कोटींचा, पण रोख हातात आले 2,700 कोटी. बाकीच्या रकमेचं कर्ज टाटांनी उचललं आणि वरचं 46,000 कोटींहून जास्त कर्ज सरकारच्या, म्हणजे काकांच्याच डोक्यावर राहिलं. तेव्हा विमानखात्याचे मंत्री कोण? ज्योतिरादित्य शिंदे. हे निघालं की काकांचा चहा गार होतो.

इथल्या स्विसएअरला लोक 'उडती बँक' म्हणत. डबघाईला आलेल्या परक्या विमानकंपन्यांत हिस्से घेत सुटली, आणि 2 ऑक्टोबर 2001 ला इंधनाला रोकड नाही म्हणून तिची विमानं जमिनीवरच राहिली. माझ्या शेजारच्या आजी तो दिवस सांगताना अजून आवाज खाली आणतात, घरातलं कुणी गेल्यासारखा. मग सरकारी पैसा ओतून 'स्विस' उभी केली. 2005 मध्ये तीही जर्मनांच्या लुफ्थान्सानं घ्यायचं ठरवलं. शेपटीवर पांढरा क्रॉस तसाच आहे, आजी तिला 'आमची'च म्हणतात. मालकीवरून एवढं रडण्यात अर्थ नाही, हे मला इथे पटलं.

काकांचा एक मुद्दा मात्र टोचतो. 1990 मध्ये कुवेतमधून 1,70,000 च्या आसपास माणसं आणली ती मुख्यतः एअर इंडियानं. "टाटा आणतील का?" आता बघा, सौद्याला महिना झाला आणि युक्रेनमध्ये युद्ध पेटलं. पोरं आणायला एअर इंडिया गेली, इंडिगो गेली, स्पाइसजेट गेली, हवाई दलाची विमानंही गेली. खर्च सरकारनं केला. तो सरकार करतं की नाही, यावर भांडा. शेपटीवर नाव कुणाचं, यावर कशाला?

मागच्या खेपेला दिल्लीला उतरून सकाळची शताब्दी धरली. स्टेशनवर काका उभेच. "कुठल्या विमानानं आलास?"

"स्विसच्या."

"म्हणजे जर्मनांच्या," म्हणाले, आणि हातातली पिशवी ओढून घेतली.