हात लावू नगंस

फोनचा आवाज मी बंद केला होता. हे गेल्या आठ दिवसांत इतक्या जणांना सांगून झालंय की आता मलाच ते खोटं वाटायला लागलंय. पण केला होता. घाटाच्या पायऱ्या उतरतानाच बाजूचं बटण दाबून दाबून पार शून्यावर नेला होता. नंतर पोरीनं सांगितलं, बाबा ते बटण गाण्याचा न् व्हिडिओचा आवाज कमी करतं, रिंगचा वेगळा असतो. अलार्मचा आणखी वेगळा. म्हणजे एका खिशातल्या एका डबड्याला तीन-चार तोंडं, आणि बटण त्यातल्या भलत्याच तोंडावर हात ठेवतं. हे ज्यानं ठरवलं तो कधी दहाव्याला गेला नसणार.

तर दहावा. चुलत सासरे आप्पा, वय नव्वदीच्या आसपास, सांगलीत कृष्णेच्या घाटावर. पिंड ठेवून तास झालेला, आणि कावळा शिवत नव्हता. कावळे होते, चांगले सात-आठ होते, पण लांब बसून आमच्याकडं बघत होते.

त्या फोनात जे होतं त्याचं आधी सांगतो. मला कंपनीची आयती रिंगटोन आवडत नाही. एसटीत एकाचा वाजला की अकरा जण खिसे चाचपतात, त्यातला मी एक. 2000 साली नोकियाचा 3310 आला त्यात स्वतः धून रचायची सोय होती, 1 ते 7 बटणांवर सात सूर, 0 दाबलं की विश्रांती. आम्ही वहीत आकडे लिहून ठेवायचो आणि एकमेकांना द्यायचो, दोन तास टाइप केल्यावर जे वाजायचं ते मच्छर गाणं म्हणतोय असं वाटायचं, पण ते आपलं असायचं. आता फोन तीस हजाराचा, नि वाजतं काय, तर सगळ्यांचं तेच. थोरल्या मेहुण्याकडं तर आयफोन आहे, त्यात स्वतःची टोन घालायची म्हणजे बरीच वर्षं एवढी यातायात होती की तो अजून आहे तीच वाजवतो आणि वर क्लास म्हणतो.

म्हणून मी मिरजेला गेलो होतो. सांगलीकर असून मिरजेचा तानपुरा फोनात नाही म्हणजे काय? (2024 मध्ये तिथल्या सतार-तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा सांगलीतसुद्धा आपण स्वतः भोपळा कोरल्यासारखे लोक फिरत होते, मी पण.) एका कारागिराच्या दुकानात पायरीवर बसून रेकॉर्डिंग केलं. माणूस भला. जवारी, म्हणजे तारेची गुंज, लावत होता, तारेखाली दोरा सरकवायचा, वाजवायचं, परत सरकवायचा. एका क्षणी तो दोरा कुठं बसला कुणास ठाऊक, आणि तार नुसती वाजायची ती गुंजायला लागली, अंगावर काटा आला. आणि नेमका तेव्हाच त्यांचा नातू कोपऱ्यातल्या पॉलिश केलेल्या भोपळ्याकडं गेला आणि आजोबा ओरडले, ‘‘ए! हात लावू नगंस! वलं हाय अजून!’’

घरी येऊन ॲपमध्ये कापायला बसलो. त्यात आवाजाचं चित्र येतं, दोन बाजूला दोन खुंट्या, त्या सरकवून हवा तेवढा तुकडा घ्यायचा. तानपुरा चित्रात दिसतच नाही, नुसती सपाट माळरानासारखी रेघ, आणि आजोबांच्या ओरडण्याचा मात्र सह्याद्री. पहिल्यांदा खुंटी चुकली, आजोबा आले. दुसऱ्यांदा बरोबर कापलं. दोन्ही फाइली सेव्ह झाल्या, नावं ‘रेकॉर्डिंग 7’ आणि ‘रेकॉर्डिंग 7 (1)’. बरोबरची लावली, बायकोच्या फोनवरून करून बघितलं, तानपुरा वाजला, बायको म्हणाली फ्रीज खराब झाल्यासारखा आवाज येतोय. ते सोडा.

पण माझ्या फोनात दोन सिम. आणि दोघांची रिंगटोन वेगवेगळी लावता येते, म्हणजे लावावी लागते. मी पहिल्यांदा चुकीची लावली ती सिम दोनला. सिम दोनचा नंबर फक्त गॅसवाल्याला आणि कर्ज देणाऱ्या पोरींना ठाऊक.

घाटावर परत या. धाकट्या मेहुण्यानं हात जोडून सांगितलं, आप्पा, आईला अंतर देणार नाही. कावळा नाही. कुणीतरी म्हणालं आवडीचं ठेवा, भडंग ठेवलं. कावळा नाही. गुरुजींना अकराला दुसरीकडं जायचं होतं, त्यांनी दर्भाचा कावळा करायला घेतला. थोरला मेहुणा मोबाइलमध्ये. माझ्या शेजारी नाना म्हणून एक गृहस्थ, ते आप्पांचे कोण लागतात ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण सांगत होते की 2019 ला आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा आपण बसलोय त्या पायऱ्या कुठल्या कुठं होत्या. तेवढ्यात एक कावळा उतरला. चालत आला. पिंडापासून वितीवर. सगळ्यांनी श्वास धरलेला.

आणि माझ्या खिशातनं, घाटावर घुमेल एवढ्या आवाजात, म्हाताऱ्या माणसाच्या खरखरीत गळ्यानं, ‘‘ए! हात लावू नगंस! वलं हाय अजून!’’

कावळा उडाला. सात-आठही उडाले. फोन खिशातनं निघेना, पँट नवी, खिसा आडवा, तो परत ओरडला. तिसऱ्यांदा ओरडताना मी बंद केला.

नाना हळूच म्हणाले, ‘‘पावणं, कोण बोललं वो?’’

‘‘फोन, नाना. माझा फोन.’’

‘‘फोन हाय ते कळलं. बोललं कोण?’’

‘‘कोणी नाही, रिंगटोन आहे.’’

‘‘म्हंजी ते समोरच्याला ऐकू येतंय ते?’’

‘‘ती कॉलर ट्यून नाना. ती कंपनीकडनं लागते, फोन करणाऱ्याला ऐकू येते. ही आपल्या फोनातली, आपल्याला ऐकू येते.’’ दहाव्याला, पिंडासमोर, मी हा फरक समजावत होतो.

‘‘हां. म्हंजी ही आप्पा आपल्याला ऐकवत्यात.’’

‘‘आप्पा नाही हो! मिरजेचे कारागीर आहेत, भोपळ्याला पॉलिश...’’

‘‘आवाज आप्पांचाच हाय,’’ मागनं एक मावशी म्हणाल्या. झालं.

नानांनी डोळे मिटले. ‘‘हात लावू नगंस. वलं हाय अजून. वलं म्हंजी काय? ओलिताचं रान!’’ मग डोळे उघडून थेट थोरल्या मेहुण्याकडं बघितलं. ‘‘मळा इकायचा नाही म्हणत्यात आप्पा.’’

मळ्याचा सौदा चाललाय हे मला ठाऊकच नव्हतं. जावयाला कोण सांगतंय? धाकट्यालाही ठाऊक नव्हतं, हे त्याच्या तोंडावरनं दिसलं. आईंनी पदर तोंडाला लावला. थोरला पिंडापेक्षा पांढरा पडला, आणि पाच मिनिटं सगळ्या घाटानं त्याच्याकडं बघितल्यावर पुटपुटला, नाही विकत. कावळा आला, शिवला, भडंगही खाऊन गेला.

आता तुम्ही म्हणाल चांगलं झालं की. तुमचं काय जातंय? थोरला माझ्याशी बोलत नाही, कारण विसार घेऊन झाला होता. त्याचं ठाम मत आहे की धाकट्यानं मला फितवलं. धाकट्याला वाटतं मी आधीपासून सगळं जाणून होतो आणि मुद्दाम शेवटपर्यंत थांबलो. बायको म्हणते, साधी टोन होती तीच ठेवली असती तर काय बिघडलं असतं? आणि जिनं फोन केला होता तिनं परत दोनदा केला, तीन लाखांचं कर्ज मंजूर झालंय म्हणून. मी मागितलं नव्हतं बाई. मी काहीच मागितलं नव्हतं.

काल नाना घरी आले. दोन कप चहा झाला, पाण्याचा विषय झाला, मग खिशातनं बटणाचा फोन काढून टेबलावर ठेवला.

‘‘पावणं, ते आप्पांचं यात भरून द्या की. भाडेकरू खोली सोडंना झालाय.’’

त्या फोनात मेमरी कार्ड नाही. ब्लूटूथ आहे म्हणतात, पण सापडत नाही. नाना म्हणाले घाई नाही, बसतो.