घर नाय तुमका?

कोकणच्या किनाऱ्यावर तंबू ठोकून राहायचं तर वाघाची भीती नाही, वादळाचीही फारशी नाही. भीती आहे ती माणसांची, आणि तीही चांगल्या माणसांची. तंबूत राहण्याची हौस ज्या देशात निघाली, तिथे कोसभर माणूस भेटत नसावा. सिंधुदुर्गात माणूस न भेटता कोसभर चालून दाखवा! पहिला 'खंयचे?' विचारील, दुसरा 'कोणाकडे इलास?' विचारील आणि तिसरा तुमच्या आजोळाशी सोयरीक काढून चहाला आत नेईल.

हे मी मेहुण्याला निघण्याआधीच सांगितलं होतं. पण तो हिमालयातले व्हिडिओ बघून बिघडलेला. 'भाओजी, पंख्याखाली झोपायला कोकणात कशाला जायचं? निसर्गात राहू,' असं म्हणत त्याने तंबू, चिमुकला स्टोव्ह, कपाळाला बांधायचा दिवा आणि डझनभर पाती असलेला चाकू अशी खरेदी केली. (त्या चाकूने पुढे फरसाणाचं पाकीट तेवढं फोडलं. तेही नीट नाही.) बायकोने एकच प्रश्न विचारला, 'संडासाचं काय?' मेहुण्याने अभिमानाने एक छोटं फावडं काढून दाखवलं. तिने फावड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. जणू ते फावडं मी हुंड्यात मागितलं होतं.

मालवणच्या उत्तरेला, तोंडवळीच्या बाजूला, सुरूचं बन आणि त्यापुढे स्वच्छ वाळू. जागा दृष्ट लागावी अशी. तंबूच्या खुंट्या मात्र मातीसाठी केलेल्या. वाळूत ठोकली की खुंटी गुमान आत जायची आणि दोरी ताणली की तितक्याच गुमान बाहेर यायची. अशा वेळी पिशव्यांत वाळू भरून, त्यांना दोरी बांधून त्या आडव्या पुरायच्या असतात. आम्ही त्या पुरत असतानाच मागून आवाज आला.

'खंयचे तुमी?'

लुंगी, खांद्यावर पंचा, हातात कोयता. गावातले तात्या.

'मुंबईचे.'

'मगे हयसर काय करतास?'

'झोपणार आहोत,' मेहुणा म्हणाला.

'रेवेत?' तात्यांनी आम्हाला आपादमस्तक न्याहाळलं. 'घर नाय तुमका?'

मेहुण्याने निसर्ग, शांतता, अनुभव वगैरे पाच मिनिटं समजावून सांगितलं. तात्यांनी ते सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, 'आमच्याकडे खोली आसा. पंखो आसा.' मग बायकोकडे बघून, 'संडास पन आसा.' बायको उठलीच होती. मेहुण्याने तिला हाताला धरून बसवलं.

'बरां,' तात्या म्हणाले. 'पन आज पुनव. पंधरा त्रिक पंचेचाळीस, भागिले चार. सवा अकराक पानी हयसर येतला.' आणि पायाच्या अंगठ्याने त्यांनी वाळूत रेघ ओढली. आमच्या तंबूच्या मागे.

तिथीला तीनाने गुणायचं, चाराने भागायचं, की भरतीची वेळ मिळते. भरती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते, त्याचंच हे गणित. अष्टमीला सहा वाजता, पुनवेला सवा अकराला, आणि पुनवेला पुन्हा उधाण. मेहुण्याकडे भरती-ओहोटीचं ॲप होतं, पण त्याला नेटवर्क लागत होतं. तात्यांना लागत नव्हतं.

तंबू हलवायला माणसं बोलवावी लागली नाहीत, ती आलेलीच होती. चार पोरांनी चार कोपरे धरून, आतल्या सामानासकट तो उचलला, सवयीने 'गणपती बाप्पा मोरया' म्हटलं आणि वर माडांच्या कडेला नेऊन ठेवला. माडाखाली नको, नारळ डोक्यात पडेल, असं मी म्हणालो. 'नारळाक डोळे आसत, तो माणसाच्या डोक्यार पडणा नाय,' तात्यांनी दिलासा दिला. झावळीला डोळे असतात का, हे विचारायचं राहिलं. ते रात्री एकच्या सुमारास कळलं. तंबूवर नाही, पण मेहुण्याच्या स्टोव्हवर अचूक पडली.

तंबूचं तोंड आम्ही समुद्राकडे ठेवलं होतं, वारा यावा म्हणून. संध्याकाळभर तो छान आला. खारे वारे आणि मतलई वारे शाळेत दोन मार्कांना पाठ केले होते. जमीन पाण्याआधी निवते, मग रात्री वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. पुस्तकात एवढंच होतं. त्या वाऱ्यासोबत गावातला लाउडस्पीकर येतो, हे नव्हतं. त्या रात्री दत्तजयंती होती आणि देवळात दशावतार. मध्यरात्री पखवाज, झांज आणि पायपेटी सुरू झाली ती थांबण्यासाठी नव्हे. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या रचतात, त्यामुळे ते संपण्याला कसलंही बंधन नसतं. राक्षसाने देवाला आव्हान दिलं, देवाने प्रत्युत्तर दिलं, राक्षसाला त्यावर आणखी एक मुद्दा सुचला. दोन माणसांच्या तंबूत आम्ही तिघं, कुशीवर, ओळीने, हे वादविवाद ऐकत होतो. आमच्याच श्वासांची वाफ छताला थंड होऊन थेंब थेंब कपाळावर पडत होती. पहाटे कधीतरी राक्षस मेला. मला अतिशय आनंद झाला.

राक्षसाचा शेवट ऐकायला बायको नव्हती. देवाचं पहिलं प्रत्युत्तर चालू असतानाच ती उशी घेऊन तात्यांकडे गेली होती. पंख्याची गरज पडली नाही, गोधडी दिली, असं तिने सकाळी सांगितलं.

उजाडता उजाडता मेहुणा फावडं घेऊन बाहेर पडला आणि लगेच परत आला. किनाऱ्यावर अख्खा गाव होता. रापण लावली होती. होडीने जाळं समुद्रात अर्धगोल टाकायचं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे. 'येवा, धरा!' कोणीतरी ओरडलं. ज्या कामासाठी तो निघाला होता ते सांगण्याजोगं नव्हतं, म्हणून त्याने मुकाट्याने दोर धरला. फावडं काखेत. चांगला तासभर ओढला बिचाऱ्याने, आणि चेहऱ्यावर जी कळ होती ती सगळ्यांना मेहनतीची वाटली. ओढणाऱ्याला वाटा मिळतो, तसा त्यालाही मिळाला: पिशवीभर बांगडे. ते तात्यांच्या घरच्या काकूंच्या हातात कोंबून तो जो तात्यांच्या परसाकडे धावला, तेव्हा निसर्गाचा विषय कायमचा मिटला.

काकूंनी घावणे घातले, नारळाचा रस वाढला. खाता खाता सहज विचारलं, 'ह्यो तुमचो तंबू कितयाक पडलो?'

मेहुण्याने आकडा सांगितला.

काकूंचा हात तव्यावर थांबला. त्यांनी तात्यांकडे पाहिलं, तात्यांनी मान खाली घातली. मग आणखी दोन घावणे त्यांनी मेहुण्याच्या पानात टाकले. निघताना मी पैसे पुढे केले तर काही केल्या घेईनात.

'ऱ्हवांदे,' म्हणाल्या, 'आधीच फसलास तुमी.'