मानेच्या दोन्ही नाड्या एकदम दाबू नका

'डॉक्टरकडे न जाता दोन मिनिटांत हृदय तपासा' हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. आता तो मावशीच्या भजनी मंडळात पोचला आणि सत्तरीच्या बायका एकमेकींच्या माना दाबून बघू लागल्या. म्हणून लिहिणं भाग आहे.

मेसेजमधला पहिलाच उपाय सगळ्यांत घातक: मानेच्या दोन्ही बाजूंच्या नाड्या एकाच वेळी दाबा, ठोका सारखा लागला तर मेंदूला रक्त व्यवस्थित जातंय.

हे कुणीही, कुणावरही करू नका. घाटीच्या (गळ्यावरच्या उंचवट्याच्या) वरच्या कडेच्या पातळीला कॅरोटिड ही मोठी रक्तवाहिनी दुभंगते. रक्तदाब जोखणारे मज्जातंतू तिथंच असतात. बाहेरून दाब पडला की रक्तदाब वाढलाय असा चुकीचा निरोप मेंदूला जातो, आणि तो ठोके मंद करून रक्तदाब उतरवतो. उतारवयात काहींची ही जागा इतकी हळवी होते की हृदय तीन सेकंद किंवा जास्त थांबतं, वरचा रक्तदाब ५० हून जास्त घसरतो. माणूस उभ्याचा कोसळतो आणि खुबा मोडून घेतो. दोन्ही बाजू एकदम दाबल्या तर मेंदूकडे जाणारं रक्तच अडतं. आत चरबीचा थर असला तर तुकडा सुटून लकव्याची भीती वेगळीच.

डॉक्टर मुद्दाम ही जागा चोळतात, पण वारंवार चक्कर येऊन पडणाऱ्याचं कारण शोधायला. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिऑलॉजीच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना वाचा: ईसीजी चालू, रक्तदाबावर सतत नजर. बाजू एका वेळी एकच. एवढं करूनही हजारात दोन-तीन जणांना तात्पुरता किंवा कायमचा लकवा झाल्याची नोंद त्यात आहे. आणि हे भजनी मंडळात?

नुसती नाडी बघायची तर डॉक्टर मानेच्या खालच्या निम्म्या भागात, हलक्या बोटांनी, एकेक बाजू बघतात. वयस्कर पेशंट असेल तर आधी स्टेथो लावून अरुंद नळीतली फुसफुस ऐकू येते का ते पाहतात. शिवाय दुभंगल्यावर वर नळी अरुंद झालेली असली तरी खाली ठोका छान लागू शकतो. म्हणजे ज्यासाठी मान दाबली तेही कळत नाही.

पुढचा दावा: 'छातीत सर्र असा आवाज म्हणजे हृदयाला भोक, आवाज मोठा तर भोक मोठं.' कितीतरी धडधाकट मुलांच्या छातीत असा मर्मर ऐकू येतो. मूल उभं राहिलं की तो बहुधा मंदावतो. ताप, रक्त कमी असणं, गरोदरपण यांतही येतो. मोठ्या आवाजाचं तर अनेकदा उलटंच असतं. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला बारीक भोक असलं की रक्त जोरात घुसतं आणि आवाज मोठा येतो. भोक मोठं असलं तर तो मऊ होतो. महाधमनीची झडप फार अरुंद होऊन हृदय थकलं की मर्मर जवळजवळ विरतो, आणि तेव्हाच पेशंट सगळ्यांत धोक्यात असतो. आपल्याकडे संधिवाताच्या तापाने आखडलेली मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधली) अजून दिसते. तिचा खर्जातला आवाज पेशंटला डाव्या कुशीवर वळवून, श्वास सोडून रोखायला लावून, स्टेथोची बेल (घंटेसारखी खोलगट बाजू) अगदी हलकी टेकवली तरच सापडतो. शंका असली की टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करावी.

'स्मार्ट घड्याळ असलं की स्टेथो नको' हेही खोटं. घड्याळ ठोके मोजतं, झडपेचा आवाज ऐकत नाही.

राहता राहिली मनगटाची नाडी. 'ती बघत जा' एवढं मात्र बरोबर, मान्य करतो. पण '१५ सेकंद मोजा, चारने गुणा, ७२ आले की हृदय ठणठणीत' हे नाही. बसल्या जागी ६० ते १०० सर्वसाधारण. ७२ ठोके पडत असतानाही ताल पार विस्कटलेला असू शकतो, रक्तवाहिन्यांतला ब्लॉक तर नाडीत कळतच नाही. पाच मिनिटं बसा. अंगठा नको, त्याचा स्वतःचा ठोका फसवतो. तर्जनी आणि मधलं बोट अंगठ्याच्या मुळाखाली ठेवा. पूर्ण ६० सेकंद मोजा आणि आकड्याइतकंच तालाकडे लक्ष द्या. पासष्टीनंतर ठोके कसेही, विनाक्रम पडत असतील तर त्याच दिवशी ईसीजी काढून घ्या.