औक्ष हीट

जानेवारीचं विजेचं बिल उघडलं तेव्हा मी उभा होतो. वाचून झालं तेव्हा सोफ्यावर होतो. मधल्या प्रवासाची नोंद नाही.

२,३०० युनिट, ३४७ डॉलर. आई डिसेंबरात सोलापूरहून आमच्याकडे आलीये. पावकी-निमकी पाठ असलेल्या पिढीची असल्यामुळे तिला डॉलरचे रुपये करायला फोन लागत नाही. तिने छताकडे बघितलं, ओठ हलवले आणि म्हणाली, "तीस हजार? अरे, घरात गिरणी चालवता का काय?"

बिलासोबत वीज कंपनीने एक प्रेमपत्रही जोडलं होतं. तुमच्या आसपासच्या, तुमच्याएवढ्याच घरांपेक्षा तुम्ही ६१ टक्के जास्त वीज वापरलीत. 'शेजारच्या बंड्याला किती मिळाले?' हे ऐकत मी लहानाचा मोठा झालो. सातासमुद्रापार आलो तरी तो प्रश्न मागोमाग आलाच, आता रंगीत आलेखासकट.

आमचं घर नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावात. इथली थंडी शिकागोसारखी मारकुटी नाही. रात्री पारा गोठणबिंदूच्या आसपास घुटमळतो आणि दुपारी कधीकधी स्वेटर काढावा असं ऊन पडतं. अशा हवेला हीट पंप मानवतो, म्हणून या भागात जिकडेतिकडे तोच. एक पेटी बाहेर भिंतीलगत, दुसरी वर ॲटिकमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर. म्हटलं तर आपला एसीच, फक्त हिवाळ्यात उलटा चालणारा. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घरात आणून टाकतो.

"बाहेर एवढी थंडी, त्यात उष्णता कुठली आलीये?" आईने विचारलं. मी सांगितलं, की उष्णता खरोखर संपते ती उणे ४५९ फॅरनहाइटच्याही खाली. बाहेर ४० आहे (आपल्या सेल्सिअसमध्ये जेमतेम साडेचार) म्हणजे उष्णतेचा नुसता सडा पडलाय. लॉर्ड केल्विनने १८५२ सालीच असं यंत्र सुचवून ठेवलंय. केल्विनचा आईवर काही परिणाम झाला नाही. मग मी फ्रिजवर आलो. फ्रिजच्या मागे हात लावला तर गरम लागतं ना? आतली उष्णता काढून तो मागे टाकतो. तसंच हे. आईने जरा विचार केला.

"म्हणजे आपण फ्रिजच्या मागे राहतो."

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला कुणी इतकं सोपं करून सांगितलं नव्हतं.

या यंत्राची थोरवी अशी, की बाहेर चाळीसच्या आसपास असेल तर एक युनिट वीज खाऊन ते साधारण तीन युनिटांची ऊब आत आणतं. ऊब तयार करत नाही, नुसती वाहून आणतं. आपण फक्त हमाली द्यायची. पण फारच कडाका पडला आणि हमाल कमी पडला, तर मदतीला ॲटिकमधल्या पेटीत विजेच्या कॉइल बसवलेल्या असतात. कॉइल म्हणजे शेवटी बादलीतला रॉडच. एक युनिट खाणार, एकाच युनिटाची ऊब देणार, वर एक कण नाही. आमच्याकडच्या कॉइल १० किलोवॅटच्या. म्हणजे दोन-दोन किलोवॅटचे पाच गिझर एकदम चालू, आणि आंघोळीला कोणीच नाही.

या कॉइल लागल्या की थर्मोस्टॅटच्या, म्हणजे घराचं तापमान ठरवणाऱ्या भिंतीवरच्या डबीच्या, काचेवर नारिंगी अक्षरं उमटतात. आई पहाटे पाणी प्यायला उठते. तिने अक्षरं जुळवून वाचली.

"औक्ष हीट. छान आहे हो तुमचं यंत्र. रोज पहाटे औक्ष चिंतितं."

"औक्ष नाही गं, ऑक्स. ऑक्झिलरी, म्हणजे जादा मदतीची ऊब. ते लागणं वाईट."

"औक्ष लागणं कधीपासून वाईट झालं?"

त्या दिवसापासून आमच्या घरात त्याचं नाव औक्षच पडलं. सकाळी उठल्यावर बायको "रात्री किती वेळ औक्ष होतं?" असं विचारू लागली. बाहेरच्याने ऐकलं असतं तर घरात कोणीतरी अत्यवस्थ आहे असं वाटलं असतं.

मी सॉफ्टवेअरमधला माणूस. चूक सापडत नसेल तर आधी एक्सेल उघडायचं हा आमचा धर्म. इथला मीटर तासातासाचा हिशोब देतो. महिन्याभराचे आकडे उतरवून घेतले, रंग भरले, आलेख काढला. रात्री दहापासून सकाळी आठपर्यंत आकडे एखाद्या किल्ल्याच्या तटासारखे उभे. संध्याकाळी मात्र करवतीचे दात. आलेख इतका देखणा झाला की थोडा वेळ बिलाचं दुःखच विसरलो.

पहिला संशय फिल्टरवर. १६ बाय २५ बाय १ इंच. बाहेर काढला तर फिल्टर कसला, ती तर बोटभर जाडीची गोधडी. नवा घातला. घर आनंदाने मोठा श्वास घेतंय असं मला वाटलं. तट होता तिथेच.

दुसरा संशय माझ्याच काटकसरीवर आला. रात्री पांघरुणात असताना घर कशाला गरम ठेवायचं, म्हणून मी रात्री ६२ आणि पहाटे साडेपाचला ६८ असं लावून ठेवलं होतं आणि मित्रांना अभिमानाने सांगतही होतो. वाचल्यावर कळलं, की हीट पंपाला हे चालत नाही. पहाटे त्याला एकदम सहा अंशांची दरी दिसते, आता हे माझ्याच्याने होणार नाही असं म्हणून थर्मोस्टॅट औक्षाला हाक मारतो, आणि रात्री वाचवलेले पैसे सकाळी सव्याज परत जातात. लगेच रात्रंदिवस ६८ केलं. सल्ला शंभर टक्के खरा आहे, कुणालाही विचारा. माझ्या घरात मात्र दुसऱ्या दिवशी तटाची उंची आणखी वाढली. हा पुरावा होता. मी त्याला अपवाद म्हणून एक्सेलमध्ये पिवळा रंग दिला.

याच सुमारास आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "ते बाहेरचं बिचारं रात्री अगदी गप्प असतं आताशा. आधी संध्याकाळचं कसं कुडकुडायचं."

मी स्क्रीनवरून नजर न काढता "हं" म्हणालो. या 'हं'चे पुढे ११९ डॉलर पडले.

मग संक्रांत आली. हॉलमध्ये एका बाजूला हळदीकुंकू, दुसऱ्या बाजूला कॉफीच्या पिंपाभोवती आम्ही पुरुष. परदेशातल्या मराठी पुरुषांना एकत्र उभं केलं की दहा मिनिटांत विषय घराच्या दुरुस्तीवर येतो. मी औक्षाचा विषय काढायचा अवकाश, प्रत्येकाकडे निदान तयार. एक म्हणाला, गॅस गेलाय. दुसरा म्हणाला, गरम हवा नेणारा डक्ट फुटलाय, तू ॲटिक तापवतोयस, खारी मजा करतायत. तिसऱ्याने रिकाम्या खोल्यांची व्हेंट, म्हणजे हवा येण्याच्या जाळ्या, बंद करायला सांगितली. चौथ्याने, तिसऱ्याचं अजिबात ऐकू नकोस म्हणून सांगितलं. (चौथा बरोबर होता. पण तो नेहमी इतक्या मोठ्याने बोलतो की त्याचं पटवून घ्यायला जीव धजत नाही.) पाचव्याने खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "इमर्जन्सी हीटचं बटण असतं बघ. त्यावर टाक, औक्ष बंद होईल."

घरी येऊन टाकलं. औक्षाची अक्षरं खरोखर गेली. दोन तासांनी बायकोने मीटरचे आकडे दाखवले. इमर्जन्सी हीट म्हणजे बाहेरच्या पेटीला पूर्ण सुट्टी आणि सगळा संसार कॉइलवर. रोग तोच, पाटी बदललेली.

त्यानंतरच्या एका संध्याकाळी, बाहेर ४३ असताना, आई मागच्या खिडकीपाशी ओरडली, "आग! अरे, घराला आग लागली!" घराच्या कोपऱ्यामागून पांढरे लोट उठत होते. मी एका हाताने फायर ब्रिगेड आणि दुसऱ्या हाताने यूट्यूब लावायला घेतलं. यूट्यूब आधी लागलं. आग नाही, वाफ. बाहेरच्या पेटीच्या जाळीवर दव गोठतं, ते वितळवायला यंत्र काही मिनिटं उलटं फिरतं, घरातली उष्णता बाहेर नेऊन बर्फावर ओततं. तेवढ्या वेळात घरात गार वारा येऊ नये म्हणून कॉइल लागतात. म्हणजे हे औक्ष कायदेशीर.

"नॉर्मल आहे," मी सोफ्यावर परत टेकत जाहीर केलं. तासाभराने पुन्हा लोट. त्यानंतर पुन्हा. "नॉर्मल इतक्यांदा असतं का?" बायकोने विचारलं. उठून, चप्पल घालून, वीस पावलं चालून पेटी बघून येणं शक्य होतं. पण ती आहे गॅरेजच्या पलीकडे झुडपाआड, मी घरातून थेट गाडीत बसणारा प्राणी, आणि एक्सेलमध्ये 'बाहेर जाऊन बघणे' असा रकाना नव्हता.

शेवटी मेकॅनिक बोलावला. भल्या सकाळी आला, बाहेर ३६. सहा फूट उंच, मृदुभाषी, प्रत्येक वाक्यात आईला 'मॅम'. तो आधी मागे गेला आणि पाच मिनिटांत परत येऊन अतिशय अदबीने म्हणाला, "सर, जरा बाहेर येता का?"

पेटीला सोलापुरी चादर गुंडाळलेली होती. गर्द लाल, कडेला नक्षी, चारी बाजूंनी व्यवस्थित, परकराच्या नाडीने बांधलेली. कचऱ्याचा डबा तासभर जास्त बाहेर राहिला तर पत्र पाठवणाऱ्या आमच्या कॉलनीच्या कमिटीला ही चादर सहा आठवडे दिसली नव्हती. तो मला त्या कमिटीचा एकमेव पराभव म्हणून आवडला.

"मीच बांधली," मागून आलेली आई म्हणाली. "संध्याकाळी नुसतं थरथरत होतं. चादर घातली आणि रात्रभर शांत झोपलं. गुदमरू नये म्हणून वरून तोंड उघडं ठेवलंय मी."

मी भाषांतर केलं. मेकॅनिक हसला नाही. मला वाटतं त्याला तसं शिकवलेलं असावं. त्याने हळूच समजावलं, की हे यंत्र श्वास घेतं ते चारी बाजूंनी आणि सोडतं वरून. म्हणजे आईने तोंड मोकळं ठेवून नाक बांधलं होतं. हवा मिळेना, म्हणून ४३ अंशांतही जाळीवर बर्फ, म्हणून ते वाफेचे लोट, म्हणून करवतीचे दात.

नाडी सुटली. मी आईकडे विजयी मुद्रेने बघितलं. चादर निघाली, गुन्हेगार सापडला, आता पेटी सुरू होणार.

पेटी सुरू झाली नाही. आत कॉइल मात्र सुखाने तापत होत्या.

मेकॅनिक आत आला, थर्मोस्टॅटपाशी उभा राहिला, कुठलीशी दोन बटणं धरून ठेवली आणि एका पानावर थांबला. "सर, हा थर्मोस्टॅट कोणी बसवला?"

बायकोने माझ्याकडे बघितलं. आईनेही. एवढं इंग्रजी तिला कळतं.

बसवला होता मीच, नोव्हेंबरच्या सेलमध्ये घेऊन, रात्री अकरा वाजता. तेव्हा त्याने मला प्रश्नांची सरबत्ती केली होती. त्यातला एक असा, की बाहेर किती अंशांखाली गेल्यावर कॉम्प्रेसर, म्हणजे ती बाहेरची पेटी, बंद ठेवायचा? मला आठवलं, मी चक्क थांबून विचार केला होता. उघड्यावर, काळोखात, एवढ्या थंडीत त्याने काय काम करायचं? आणि मी ४० लिहिलं. आता हे चाळीस कुठून आलं ते मी सांगू शकतो. सोलापुरात चाळीस ही हद्द असते. चाळीस झालं की माणसंही कामं बंद करून दार लोटून घेतात. हद्द तीच राहिली, नुसती उलटी झाली. त्यामुळे रोज रात्री पारा चाळिशीखाली उतरला की पेटी पगारी रजेवर आणि पाच गिझर कामावर. आईची चादर बिचारी संध्याकाळपुरती दोषी. रात्रीचा तट सगळा माझा.

"एकाने पांघरूण घातलं, एकाने रजा दिली," बायको म्हणाली. "मायलेकरं."

मेकॅनिकने चाळिसाचं शून्य केलं, बाहेर ३५च्या वर असेल तर कॉइलना हात लावायचा नाही अशी ताकीद भरली. दोन मिनिटांचं काम. बाहेर पेटी गुरगुरायला लागली. त्याने थर्मामीटर लावला. आत जाणारी हवा ६८, कॉइलशिवाय बाहेर पडणारी ९२. यंत्र ठणठणीत. आईने व्हेंटखाली हात धरून "गारच येतंय की" म्हटलं, तेव्हा त्याने ते आधीच ओळखल्यासारखं सांगितलं, मॅम, तुमचं अंग ९२पेक्षा गरम आहे. आईने त्याला चहा आणि तिळगूळ दिला. गोड बोल म्हणायची गरज नव्हती.

रात्री बाहेर २९ होतं. काचेवर नुसतं 'हीट', मागेपुढे काही नाही. मी तीनदा उठून बघितलं. तिसऱ्यांदा उठलो तेव्हा आई मागच्या खिडकीशी उभी होती. अंधारात पेटीची घरघर एकसारखी चालू होती.

"कुडकुडतंय रे."

"काम करतंय, आई."

"तेच म्हणते मी. रात्रपाळी." ती काचेला कपाळ टेकून बाहेर बघत राहिली. "तुझे आजोबा गिरणीतून रात्रपाळी करून यायचे, तेव्हा त्यांना दारात गरम चहा तरी मिळायचा."