स्वदेशी कुणाला म्हणायचं? आधी पाकीट उलटं करा

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ टक्के आणि महिना संपायच्या आत आणखी २५ टक्के आयातशुल्क लावलं, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर याद्या फिरू लागल्या. डावीकडे विदेशी, उजवीकडे स्वदेशी. ही पेस्ट सोडा, ती घ्या. हा साबण नको, तो घ्या. पंतप्रधानांनी दुकानदारांना स्वदेशी मालाच्या पाट्या लावायला सांगितलं. इथे कॅनडात राहणाऱ्यांना यातलं काहीच नवीन नव्हतं. त्याच ट्रम्पसाहेबांनी त्याच वर्षी मार्चमध्ये कॅनडाच्या मालावर शुल्क लावलं तेव्हा इथेही याद्या निघाल्या, बारकोड वाचून माल कुठला ते सांगणारी अ‍ॅप निघाली, आणि दुकानांच्या फळ्यांवर कॅनडाच्या झेंड्यावरच्या लाल मेपलच्या पानांचं पीक आलं.

दोन्हीकडचा राग खरा होता. घोळ झाला तो याद्यांमध्ये.

भारतातली यादी घ्या. आयफोन डावीकडे. पण कर्नाटकातल्या नरसापूरचा आयफोन जोडणारा कारखाना २०२३ पासून टाटांकडे आहे. मॅकडॉनल्ड्स डावीकडे, पण पश्चिम आणि दक्षिण भारतातली त्यांची दुकानं चालवते ती मुंबईची वेस्टलाइफ कंपनी. थम्स अपला अजूनही पुष्कळजण मनातल्या मनात उजवीकडे ठेवतात. ती चौहानांनी १९९३ मध्येच कोका-कोलाला विकली. आणि कॅमल? दांडेकरांनी १९३१ मध्ये शाईपासून सुरू केलेला, दोन-तीन पिढ्यांच्या दप्तरात कंपासपेटी होऊन बसलेला हा मराठी ब्रँड २०११ पासून जपानच्या कोकुयोच्या ताब्यात आहे. पातळगंगेच्या कारखान्यात माणसं आपलीच. मग हा कुठल्या रकान्यात?

खुद्द पंतप्रधानांनी २६ ऑगस्टला गुजरातमध्ये हंसलपूरला, सुझुकीच्या कारखान्यात, आपली व्याख्या सांगितली: पैसा कुणाचाही असो, घाम माझ्या देशवासीयांचा हवा. व्याख्या वाईट नाही. फक्त ती लावली तर व्हॉट्सअ‍ॅपच्या यादीतला डावा रकाना जवळजवळ रिकामा होतो, कारण कोलगेटपासून मॅगीपर्यंत बहुतेक सगळं भारतातच बनतं.

गोंधळाचं कारण एवढंच की तीन वेगळे प्रश्न आपण एकात कोंबतो. मालक कोण? माल बनला कुठे? आणि बनला कशापासून? ब्रँड या तिन्हींपैकी एकाचंही उत्तर देत नाही. ब्रँड म्हणजे नोंदवलेलं नाव, आणि नाव घरासारखं विकता येतं. आतले भाडेकरू तसेच राहतात, सातबारा बदलतो.

इथल्या केचपची गोष्ट यासाठी सांगण्यासारखी आहे. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात लेमिंग्टन नावाचं गाव आहे, टोमॅटोचं. हाइन्झचा कारखाना तिथे १९०९ पासून. नोव्हेंबर २०१३ मध्ये कंपनीने तो बंद करायचं जाहीर केलं आणि २०१४ मध्ये केलाही. सातशेहून जास्त नोकऱ्या गेल्या. स्थानिक मंडळींनी हायबरी कॅन्को नावाने कारखाना पुन्हा उभा केला आणि ते टोमॅटोची पेस्ट बनवू लागले. ती पेस्ट फ्रेंचेस या मोहरीच्या सॉससाठी प्रसिद्ध असलेल्या कंपनीने आपल्या केचपसाठी घेतली. २०१६ च्या सुरुवातीला कुणा ग्राहकाने फेसबुकवर लिहिलं की मी आता हाइन्झ सोडून लेमिंग्टनच्या टोमॅटोचं फ्रेंचेस घेणार, आणि ते देशभर पसरलं. मार्चमध्ये लोब्लॉज या मोठ्या साखळीने फ्रेंचेस केचप ठेवायचं बंद करतो म्हटल्यावर इतका आरडाओरडा झाला की दुसऱ्या दिवशी निर्णय मागे.

आता बारकावे बघा. त्या वेळी पेस्ट लेमिंग्टनची असली तरी बाटली भरली जायची अमेरिकेत, ओहायोत. भरायचं काम नंतर टोरोंटोत आणलं. फ्रेंचेसची मालक तेव्हा रेकिट बेंकायझर ही ब्रिटिश कंपनी. २०१७ मध्ये तिने ती अमेरिकेच्या मकॉर्मिकला विकली. तिकडे हाइन्झने २०२० मध्ये केचपचं उत्पादन क्युबेकमध्ये माँ-रोयालला परत आणायचं जाहीर केलं. म्हणजे २०२५ मध्ये देशाभिमानाने फळीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाच्या हातात दोन बाटल्या होत्या: दोन्हींचा मालक अमेरिकन, दोन्हींचं काम कॅनडातलं. फ्रेंचेसच्या बाजूने उरतो तो लेमिंग्टनचा शेतकरी. माझ्या मते तेवढं कारण पुरेसं आहे. पण मग निष्ठा त्या शेतकऱ्याशी आहे, फ्रेंचेसशी नाही. उद्या पेस्ट कॅलिफोर्नियातून आली तर नाव आणि बाटली तीच राहील.

कॅनडाच्या बाजूने एक गोष्ट मात्र नक्की. इथे पाकिटावरच्या शब्दांना कायद्याने वजन आहे. 'प्रॉडक्ट ऑफ कॅनडा' लिहायचं तर खाद्यपदार्थातले महत्त्वाचे सगळे घटक, प्रक्रिया आणि मजुरी कॅनडातली लागते. बाहेरचं फार तर २ टक्के. बिगर-खाद्य वस्तूंना खर्चाच्या ९८ टक्क्यांची अट. 'मेड इन कॅनडा' त्याहून सैल: बिगर-खाद्य वस्तूंना ५१ टक्के, आणि सोबत बाहेरून काय आलं त्याचा खुलासा. खाद्यपदार्थांना टक्का नाही, पण शेवटचं मोठं रूपांतर इथे झालेलं हवं आणि 'देशी व आयात घटकांपासून' किंवा 'आयात घटकांपासून' असं जोडून लिहावं लागतं. 'इम्पोर्टेड बाय' असेल तर खालचा टोरोंटोचा पत्ता फक्त आणणाऱ्याचा. 'प्रिपेअर्ड फॉर' म्हणजे दुकानाने कुणाकडून तरी बनवून घेतलं, कुठे ते यावरून कळत नाही. दुधाच्या पाकिटावरचं निळ्या गायीचं चिन्ह म्हणजे दूध शंभर टक्के कॅनडाचं. नुसत्या मेपलच्या पानाचा मात्र भरवसा नाही. २०२५ मध्ये बरीच कुरबूर त्यावरून झाली, कारण पान फळीवर लावायला दुकानदाराला फक्त एक चिठ्ठी लागते.

भारतात पाकिटावर मजकूर कमी नसतो. उत्पादक, पॅक करणारा किंवा आयातदार यांचं नाव-पत्ता, आयात मालावर मूळ देश, निव्वळ वजन, तारीख, एमआरपी, तक्रारीचा पत्ता हे पॅकबंद मालाच्या २०११ च्या नियमांनी बंधनकारक आहे. सरकारी खरेदीसाठी स्थानिक हिश्शाची अटही आहे: ५० टक्क्यांना पहिला वर्ग, २० ला दुसरा. स्वयंपाकघरातल्या पाकिटावर असा टक्का छापायची पद्धत नाही. त्यामुळे वाचायचं तर असं वाचावं. पुढची बाजू सोडून द्या. मागे 'मॅन्युफॅक्चर्ड बाय' आणि 'मार्केटेड बाय' अशी दोन नावं असतील तर बनवणारा वेगळा आणि ब्रँडवाला वेगळा. मोठ्या कंपन्यांच्या पाकिटावर चार-पाच कारखान्यांचे पत्ते असतात आणि बारीक अक्षरात 'बॅच नंबरचं पहिलं अक्षर पाहा' अशा अर्थाची सूचना. ते अक्षर जुळवलं की तुमचा पुडा नेमका कुठल्या गावात बनला ते कळतं. खाद्यपदार्थांवरचा चौदा आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा) क्रमांक १ ने सुरू होत असेल तर परवाना, २ ने असेल तर लहान धंद्याची नोंदणी. बचत गटाचं लोणचं शोधत असाल तर हा २ कामाचा.

आणि बारकोड सोडा. ८९० ने सुरू झाला की भारतीय, हे दर वर्षी नव्याने फॉरवर्ड होतं. तो आकडा एवढंच सांगतो की कंपनीने क्रमांक जीएस-वन या बारकोडचे आकडे देणाऱ्या संस्थेच्या भारतीय शाखेकडून घेतला. आतला माल कुठलाही असू शकतो.

पैसा बाहेर किती जातो हा वेगळा प्रश्न, आणि त्याचं उत्तर पाकिटावर नसतं, कंपनीच्या वार्षिक अहवालात असतं. हिंदुस्तान युनिलिव्हर मूळ युनिलिव्हर कंपनीला रॉयल्टी आणि सेवांपोटी उलाढालीच्या २.६५ टक्के देत होती. २०२३ मध्ये हा दर तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने ३.४५ करायचं ठरलं. शिवाय मूळ कंपनीकडे सुमारे ६२ टक्के शेअर असल्याने लाभांशाचा तेवढा वाटा. बहिष्कार घालणाऱ्याने हा आकडा धरून बोलावं. 'सगळा पैसा लंडनला' म्हणू नये. उलटी गंगाही वाहतेच. कॅनडात घरोघरी इंग्रजी म्हणून प्यायला जाणारा टेटलीचा चहा २००० पासून टाटांचा आहे. इथे कुणी तो भारतीय म्हणून टाळत नाही, कारण कुणाला माहीतच नाही.

ओळख ब्रँडला टांगली की काय होतं तेही इथे दिसतं. मोल्सन बिअरने २००० मध्ये 'मी कॅनेडियन आहे' असं ठासून सांगणारी जाहिरात केली, लोकांना ती तोंडपाठ झाली. २००५ मध्ये कंपनी अमेरिकेच्या कूर्समध्ये विलीन. हडसन्स बे ही मोठ्या दुकानांची कंपनी १६७० ची, देशाहून जुनी. मालकी अमेरिकन हातात गेली, आणि २०२५ च्या १ जूनपर्यंत शेवटचं दुकान बंद झालं. उरलं काय, तर घोंगडीवरचे चार रंगीत पट्टे. ते कॅनेडियन टायर या दुकानांच्या साखळीने नाव-बोधचिन्हांसकट ३ कोटी डॉलरला घेतले. देशभर सुस्कारे सुटले की पट्टे तरी घरात राहिले. नोकऱ्या गेलेल्या हजारो लोकांसाठी तेवढे सुस्कारे ऐकू आले नाहीत.

परिणाम झाला तो वेगळ्याच ठिकाणी. ओंटारिओत परदेशी दारूची घाऊक खरेदी एलसीबीओ ही प्रांताची सरकारी दारू-कंपनी करते. ४ मार्च २०२५ ला प्रांताने तिला अमेरिकन दारू फळीवरून काढायला सांगितलं आणि वर्षाला सुमारे एक अब्ज डॉलरचा व्यवहार एका आदेशाने थांबला. अमेरिकेतल्या केंटकीच्या बोर्बन व्हिस्कीवाल्यांना घाम फुटला तो यामुळे. एकेका गिऱ्हाइकाला लाजवून हे होत नाही. आपल्याकडे मात्र सगळा भार सुनेच्या पिशवीवर: तिने कुठला साबण आणला यावर घरात स्वदेशीचा निकाल लागतो, आणि सरकारी खरेदीत काय चाललंय ते कुणी विचारत नाही.

महाराष्ट्राला स्वदेशीची याहून भक्कम रीत माहीत होती. सार्वजनिक काका (गणेश वासुदेव जोशी) १८७७ च्या दिल्ली दरबाराला खादीत गेले, ते पोशाखापुरतं राहिलं नाही. पुढच्या पिढीने पैसा फंड काढला, एकेक पैसा गोळा केला आणि १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना उभा केला. काचेच्या कामाचं शिक्षणही तिथेच. काय घेऊ नये यापेक्षा काय बनवता येत नाही, याची ती यादी होती. आजच्या याद्यांमध्ये बनवणाऱ्याला जागा नाही, फक्त घेणाऱ्याला आहे.

परदेशातल्या मराठी घरांचंही फार वेगळं नाही. टोरोंटोजवळच्या ब्रॅम्प्टनच्या दुकानात देशी नाव आणि देशी चित्र बघून उचललेली आट्याची पिशवी पुष्कळदा कॅनडाच्या ड्युरम या कडक गव्हाची असते. म्हणूनच ती कणीक जास्त पाणी पिते. सैल मळून अर्धा तास झाकून ठेवली नाही तर पोळी चिवट होते, आणि दोष लाटणारीला मिळतो. मसुरीचं तर दोन्हीकडे सारखंच. भारत मसूर मोठ्या प्रमाणावर आयात करतो आणि त्यात कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातल्या शेतातली भरपूर असते. पुण्यात देशी नावाच्या पाकिटात ती मिळते, मागे पॅक करणाऱ्याचा पत्ता मार्केट यार्डाचा. व्हॉट्सअ‍ॅपच्या यादीत मात्र डाळीला रकानाच नाही, कारण मसुरीची जाहिरात कुणी करत नाही.