मावशी, तुझा पासवर्ड कुणाला दिसत नाहीये

परवा रात्री साडेदहाला मावशीचा फोन. ‘ते पेंग्विनवालं आधी काढून दे बाबा, माझी पेन्शन जाईल.’ २०१६ साली घेतलेल्या तिच्या लॅपटॉपवर मी दिवाळीत लिनक्स मिंट टाकून दिलं होतं. विंडोजच्या जागी चालणारी ही फुकट प्रणाली; पेंग्विन हे लिनक्सचं चिन्ह. तेव्हापासून ती त्यावर मराठी टाइप करतेय, नातवाशी व्हिडिओ कॉलवर बोलतेय. बिघडलं काहीच नव्हतं. सोसायटीच्या ग्रुपवर ‘लिनक्स धोक्याचं आहे’ असा मेसेज आला होता, एवढंच. तोच मेसेज मला आजवर तीन ग्रुपांतून आलाय, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

त्यातलं सगळ्यात ठळक वाक्य : ‘लिनक्सचा कोड जगजाहीर असतो, त्यामुळे तुमचे पासवर्ड हॅकरना दिसतात.’ अहो, कोड म्हणजे प्रोग्रॅम कसा चालतो त्याची कृती. तिच्यात मावशीचा पासवर्ड येईल कुठून? नेटबँकिंग करताना माहिती ज्या एईएस पद्धतीनं कुलूपबंद होते, तिचं सगळं गणित अमेरिकेच्या मानक संस्थेनं २००१ मध्येच छापून जाहीर केलंय. गुप्त असते ती फक्त किल्ली.

हां, २०२४ चं एक्सझेड प्रकरण आहे. मेसेज लिहिणाऱ्याला ते ठाऊक नसावं, नाहीतर त्यानं तेच वापरलं असतं. फायली दाबून लहान करणारा हा प्रोग्रॅम. कुणीतरी टोपणनावानं दोनेक वर्षं गुण्यागोविंदानं काम करून विश्वास कमावला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. म्हणजे उघड्या कोडातही घात होऊ शकतो, हे मान्य. पण पकडला कसा गेला? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. अर्धा सेकंद! त्यानं खोदत खोदत मूळ शोधलं आणि २९ मार्चला सगळ्यांसमोर मांडलं. गंमत म्हणजे हा गृहस्थ नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्ये. कोड बंद पेटीत असता तर बाहेरच्या माणसानं एवढं खोदलं असतं कशात? आणि मिंटच्या नेहमीच्या आवृत्त्यांपर्यंत ते पोचलंच नव्हतं.

‘काळ्या पडद्यावर कमांड टाइप कराव्या लागतात.’ मावशीनं तो पडदा अजून पाहिलेला नाही.

‘मराठी चालत नाही.’ मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमधून निवडला की झालं. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत केलेल्या फायली मात्र अडतात, ते खरं. टॅलीवर धंद्याचे हिशेब ठेवणाऱ्यानंही लिनक्सच्या वाटेला जाण्याआधी दोनदा विचार करावा. ‘प्रिंटर-स्कॅनर चालत नाहीत’ हेही अर्धं खरं. मावशीचा प्रिंटर लावल्या लावल्या चालला. स्कॅनरपुढे मी हात टेकले.

आता शेवटचा सल्ला, ज्यानं माझं डोकं फिरलं : ‘फुकटच्या नादी लागण्यापेक्षा पाचशे रुपयांत विंडोज ११ टाकून घ्या, आयुष्यभर चालतं.’ विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा, म्हणजे सुरक्षेचे फुकट अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे लोक धास्तावलेत, हे समजू शकतो. पण मावशीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसतच नाही. आणि पाचशेत मिळतं ते बहुतेक वेळा क्रॅक केलेलं, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडलेलं असतं. ते टाकताना पुष्कळदा पहिली सूचना कोणती? अँटिव्हायरस बंद करा! म्हणजे पासवर्ड चोरीला जाईल म्हणून म्हाताऱ्या माणसांना घाबरवायचं, आणि मग पहारेकऱ्याला झोपवून कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरची फाइल चालवायला लावायची. मेसेजच्या तळाशी एका दुकानाचा मोबाइल नंबरही आहे, तो कुणी वाचलेला दिसत नाही.

हे सगळं मी मावशीला फोनवर वीसेक मिनिटं समजावलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘बरं, राहू दे मग ते. पण स्कॅनरचं काय करतोयस?’