‘कन’ आणि ‘गान’: नुसतं यमक जुळतं

एक मेसेज ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. आयरिशमध्ये ‘गा’ला ‘कन’ म्हणतात, ते आपलं ‘गान’च, म्हणून आयरिश ही संस्कृतची लेक. त्यावर शहाण्यांचं ठरलेलं उत्तर: छे, पाद्र्यांनी लॅटिन ‘कानो’ (म्हणजे ‘मी गातो’) उचललं. दोन्ही चूक.

आधी ‘गान’. यातला ‘न’ धातूचा नाहीच. गीत, गाथा, गायक यांत तो शोधून दाखवा! धातू ‘गै’, ‘न’ प्रत्ययातून आला, जसा दान, पान यांत. ‘कन’मधला ‘न’ मात्र धातूतलाच. शिवाय संस्कृत ‘ग’च्या जागी आयरिशमध्ये ‘ग’ तरी येतो, नाहीतर ‘ब’ (गायीला तिथे ‘बो’ म्हणतात). ‘क’ येत नाही.

लेकीचं म्हणाल तर शंभर घ्या. आपलं ‘शतम्’, त्यांचं ‘केद’. इथे ‘क’ जुना आणि ‘श’ नंतरचा. आईपेक्षा लेकीचा उच्चार जुना कसा? दोघी बहिणी आहेत, तेही लांबच्या. संस्कृत, ग्रीक, लॅटिन एकाच उगमाच्या, हे विल्यम जोन्स हा संस्कृत शिकलेला ब्रिटिश न्यायाधीश 1786 मध्ये कलकत्त्यात बोलून गेला, आणि केल्टिकही (आयरिश, वेल्श यांचं कुटुंब) बहुधा त्यातलीच, असंही.

आता लॅटिन. मठांतून शब्द आले, खरंच आले: लिहिण्याचा ‘स्क्रीव’ हा लॅटिनच. पण उसनं क्रियापद साध्या साच्यात बसतं. जुन्या आयरिशमध्ये ‘गायला’ होतं ‘केखन’, म्हणजे पहिलं अक्षर दुणावलेलं, आपल्या ‘चकार’, ‘जगाम’सारखं. लॅटिनमध्येही ‘केकिनी’, म्हणजे ‘मी गायलो’. असली द्विरुक्ती उसन्या शब्दाला चिकटत नाही, ती घरातूनच येते. वेल्शमध्ये हेच ‘कानी’, आणि जर्मानिकमध्ये (जर्मन, इंग्रजी यांच्या कुटुंबात) ‘क’चा ‘ह’ होऊन कोंबडा: जर्मन ‘हान’, त्याचीच बहीण इंग्रजी ‘हेन’, म्हणजे कोंबडी. आरवणारा तो गाणारा!

संस्कृतशी नातं हवंच असेल तर ‘शेन’ हा शब्द घ्या. आयरिशमध्ये वाद्य वाजवणं, स्कॉटिश गेलिकमध्ये गाणं. तो ‘स्वन’चा, म्हणजे आवाजाचा, भाऊ, ज्यावरून आपण उच्चारांच्या शास्त्राला ‘स्वनविज्ञान’ म्हणतो. या नात्याला यमक नाही, म्हणून तो मेसेजमध्ये नाही.

गंमत म्हणजे आयर्लंडच्या पश्चिमेला, आयरिश बोलणाऱ्या कॉनेमारात गायकाला ‘कन’ म्हणून कोणी आग्रह करत नाही. ‘अबर ओरान’ म्हणतात, शब्दशः ‘गाणं म्हण’. आपणही अगदी तेच म्हणतो. आता यावरून उद्या नवा मेसेज निघू नये म्हणजे झालं.